शाळेतील संबोधन



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, वस्ती जातीच्या नावाने ओळखण्याची रीत जुनी आहे. वस्तीवरून मूल ओळखले जाई आणि तेच नाव त्याच्यामागे शाळेत येई. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, शाहूनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटीवरील नाव शासननिर्णयाने बदलते; जिभेवरील नाव बदलण्याचे काम शाळेचे आहे.

कित्येकांना हे शब्दांचे नवे सोवळे वाटते. शब्द बदलल्याने मन बदलते काय, असे ते विचारतात. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला व त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. परंतु वर्गात पेन हरवताच शिक्षकाची नजर प्रथम त्या वस्तीतील मुलाकडे वळत असेल, तर नवा शब्द कागदावरच राहिला म्हणावयाचे.

दुसरा प्रश्न, नाव कोणी ठेवावयाचे? 'हरिजन' हा शब्द गांधीजींनी सद्भावनेने रूढ केला. पण ज्यांच्यासाठी तो योजला त्यांपैकी अनेकांना तो दयेचा वाटला. १९७२ साली तरुणांनी 'दलित' हा शब्द अभिमानाने धारण केला. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर लक्षावधी लोक स्वतःस बौद्ध म्हणवितात. ज्याचे नाव, त्याचा अधिकार, हाच येथे साधा न्याय होय.

मात्र सौजन्याच्या नावाखाली मौन पत्करणेही बरे नव्हे. शब्द चुकेल या भीतीने शिक्षक १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याचा पाठ दोन वाक्यांत उरकील, तर पाणी कोणाला व का नाकारले गेले हे मुलांना कधीच कळणार नाही. इतिहास सांगताना जातीचा उल्लेख करावाच लागतो. तो अन्यायाचे ज्ञान देतो. तोच शब्द हजेरीच्या वेळी मुलाला उद्देशून उच्चारला, तर ती मानखंडना ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, हेही विसरू नये.

म्हणून काही गोष्टी नित्याच्या व्हाव्यात. हजेरीत प्रत्येकास त्याच्या नावाने हाक मारावी. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जात भर वर्गात विचारू नये. पालकांना बोलावून कागद पाहावेत. व्यंगावरून पडलेले टोपणनाव शिक्षकाने तरी उच्चारू नये. शिक्षकांच्या खोलीत एखाद्या सहकाऱ्याच्या तोंडून जुना शब्द निघाला, तर त्यास चारचौघांत न लाजविता एकांतात सांगावे. ज्याच्या मनात द्वेष नाही तो ऐकतो; ज्याच्या मनात आहे त्याला निदान शाळेची मर्यादा कळते.

मूल पहिलीत येते तेव्हा गुरुजी आपल्याला काय म्हणून हाक मारतात, हे ते लक्षपूर्वक ऐकत असते. त्या हाकेत त्याला आपली किंमत कळते.