खोऱ्याचें धन

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, रिहे नांवाचें गांव आहे. सह्याद्रीच्या कुशींतील या प्रदेशास निसर्गानें दोन गोष्टी मुक्तहस्तानें दिल्या आहेत : पाऊस आणि त्यावर पिकणारा भात.

पावसाचें काय झालें तें सर्वश्रुत आहे. मुळशीस टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, १९२१ सालीं मावळच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, सेनापति बापट तुरुंगांत गेले, आणि तरीहि धरण झालें. १९२७ पासून तें पाणी घाटाखालीं भिरा येथें उतरून वीज निर्माण करूं लागलें. जमिनी बुडाल्या मुळशीच्या. यंत्रें फिरलीं मुंबईचीं. वीज तारेवरून कोसच्या कोस नेतां येते. म्हणून धंदा उगमापाशीं राहिला नाहीं.

भाताची गोष्ट निराळी आहे. भात भरडला म्हणजे सुमारें पंचमांश तूस निघतें, आणि तांदुळावरचा कोंडा निराळाच. जुन्या हलरमध्यें हीं दोन्हीं एकत्र होतात, दाणाहि फार मोडतो, आणि तो मिश्र भुसा गुरांपुढें जातो. रबरी रुळांच्या गिरणींत तूस व कोंडा वेगळे पडतात. शुद्ध कोंड्यांत शेंकडा पंधरा ते वीस तेल असतें. परंतु कोंडा गिरणींतून निघतांच खवट होऊं लागतो. त्यास लौकर उष्णता न दिल्यास तें तेल खाण्याजोगें राहात नाहीं. म्हणजे हा माल लांबचा प्रवास सोसत नाहीं. त्यास भट्टी शेजारींच हवी! एका खोऱ्याच्या कोंड्यावर तेलाचा कारखाना चालेल असें कोणी समजूं नये. गिरणी व भट्टी मात्र चालेल.

धन असलें म्हणजे धंदा येतोच असें नाहीं. सुरतेस हिऱ्याची खाण नाहीं, पण जगांतील बहुतेक हिऱ्यांना तेथें पैलू पाडले जातात. उलट बोट्स्वानांत १९६७ सालीं हिरे सांपडले, आणि त्यांच्या विक्रीचा बाजार लंडनहून तिकडे जाण्यास २०१३ साल उजाडलें.

मावळच्या शेतकऱ्याची अडचण याहून साधी आहे. आंबेमोहर नवा असतां शिजून चिकट होतो. पुण्याची गृहिणी जुना मागते व त्यास जास्त दाम मोजते. पण सुगी झाली कीं उधारी फेडावयाची असते. तेव्हां भात खळ्यावरूनच जातो, आणि जुनेपणाचा नफा व्यापाऱ्याच्या वखारींत पिकतो.

बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना १९९० च्या सुमारापासून आहे. माल वखारींत ठेवून त्यावर कांहीं महिन्यांसाठीं कर्ज मिळतें. रिह्यासारख्या दोनचार गांवांनीं मिळून एक वखार व एक गिरणी उभारली, तर कार्तिकांत विकावा लागणारा भात वैशाखापर्यंत थांबवितां येईल, आणि गाडींत चढेल तो भात नव्हे, तांदूळ.