पैसा कोणाचा, संस्था कोणाची?

(चौल येथील कार्यकर्ता-शिबिरातील भाषण)



निधी-संकलन हा विषय आपल्या शिबिरांत बहुधा शेवटच्या दिवशी, जेवणाची वेळ होत आली असताना निघतो. तत्त्वचर्चेला तीन दिवस आणि पैशाला अर्धा तास, ही आपली जुनी रीत. पैशाविषयी बोलणे काहीसे हीन आहे, अशी समजूत तिच्यामागे असावी. तुम्ही तो पहिल्याच सत्रात ठेवलात, हे बरे केलेत.

चौलमध्ये यावर बोलण्यास एक औचित्यही आहे. प्राचीन लेखांत चेमूल या नावाने येणारे बंदर ते हेच. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा येथील दात्यांबरोबर चेमूलच्या दात्यांच्याही नोंदी आहेत. त्यांतील एकाने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके दिले. परंतु देणगीच्या अर्थशास्त्राचा खरा धडा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी तेथे ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, लावून दिली. त्यांपैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. मुद्दलाला हात लावायचा नाही. हिशेब तंतोतंत जुळतो. शिवाय हे सारे निगमसभेत ऐकविले आणि फलकावर नोंदविले, असेही लेख सांगतो. रक्कम किती, ठेवली कोणाकडे, व्याज काय, लाभ कोणाला, या चारही गोष्टी दगडावर कोरलेल्या! राज्यकर्त्याच्या जावयालाही हे सभेत वाचून दाखविणे आवश्यक वाटले. आपल्यापैकी किती संस्थांचे वार्षिक अहवाल इतके बोलके असतात?

एक गोष्ट मात्र तो लेख सांगत नाही. उषवदाताकडे हा पैसा आला कोठून? तो प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसेल. आपल्याला तो विचारावाच लागतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. या पैशाला मी सरसकट त्याज्य मानत नाही. तो कामगाराच्या श्रमातूनच निर्माण झालेला आहे आणि शाळेला छप्पर घालण्यासाठी तो कोणी घेतला, तर मी नाक मुरडणार नाही. प्रश्न वेगळा आहे. समजा, एखाद्या कंपनीच्या जेट्टीमुळे कोळ्यांच्या होड्यांची वाट अडते आणि आपली संस्था त्या कोळ्यांच्या बाजूने उभी आहे. त्याच कंपनीकडून आपण मुलांच्या वह्या घ्याव्यात काय? कोणी आपले तोंड दाबत नाही. आपलाच कोषाध्यक्ष बैठकीत हळूच म्हणतो, “हा ठराव पुढच्या महिन्यात घेऊ.” पुढच्या महिन्यात तो कार्यक्रमपत्रिकेवर नसतो. देणगी स्वीकारण्यापूर्वी एवढेच विचारावे : उद्या या दात्याविरुद्ध मोर्चा काढण्याची वेळ आली, तर आपले पाय अडखळतील का?

सरकारी पैशालाही हीच कसोटी लागू आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे अनुदान स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने काही काळ थांबविले होते. संस्था तगली, कारण तिच्या वसतिगृहांमागे घराघरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढणाऱ्या बायाबापड्या होत्या. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पनाही हीच. माणशी एक पैसा मागून जमलेल्या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. हिशेबी मनुष्य म्हणेल, हजार घरांतून दहा-दहा रुपये जमविण्यापेक्षा एका घरातून दहा हजार आणणे स्वस्त पडते. संकलनाचा खर्च पाहिला तर ते खरेही आहे. पण हजार दारांवर जे बोलणे होते, त्याची किंमत तो हिशेबात धरत नाही. याच अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला. सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून, लाकूडफाटा विकून माणसे जगली. एवढा मोठा निधी कोणत्या धनिकाने दिला असता?

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. इमारतीला, रुग्णवाहिकेला पैसे मिळतात. तेथे नावाची पाटी बसते. कार्यकर्त्याच्या मानधनाला मिळत नाहीत. ‘व्यवस्थापनखर्च शून्य’ असे अभिमानाने छापणाऱ्या संस्थेविषयी मला शंका येते. तो खर्च कोणीतरी भरतच असते. बहुधा कार्यकर्त्याची पत्नी, शाळेत नोकरी करून. समाजवादी चळवळीतील कित्येक संसार असे चालले आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला, तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी, आणि तसे लोकांना उघड सांगून. लोकांनी तिकिटे काढली. मानधन मागण्यात संकोच नको. ते वह्यापुस्तकांच्या नावाखाली मागणे, ही फसवणूक होय.

तसेच दुःखाचे प्रदर्शनही नको. ज्या मुलीच्या शिक्षणासाठी आपण पैसे मागतो, तिचा केविलवाणा फोटो पत्रकावर छापताना, ती उद्या याच गावात ताठ मानेने वावरणार आहे, याचे भान राहत नाही.

निनावी देणग्यांविषयी आपण कठोर असले पाहिजे. २०१८ ची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली, तेव्हा आपण आनंद व्यक्त केला. मग आपल्या स्मरणिकांतील ‘एका हितचिंतकाकडून’ या ओळीचे काय? एखाद्या शिक्षकाला वा सरकारी नोकराला नाव छापून येणे अडचणीचे असेल, तर ते छापू नये. पावतीपुस्तकात मात्र ते असलेच पाहिजे. आणि टक्केवारीवर वर्गणी गोळा करणारा मनुष्य कधीही नेमू नका. त्याचे लक्ष आकड्यावर राहते, आपल्या विचाराशी त्याला कर्तव्य नसते.

मार्गशीर्षात येथील दत्ताच्या डोंगरावर पाच दिवस यात्रा भरते. तुम्ही तेथे पेटी घेऊन उभे राहणार असल्याचे समजले. पेटीला सील असू द्या, ते रोज संध्याकाळी दोघांच्या देखत फोडा, मोजणीवर दोघांच्याही सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेकरू येण्यापूर्वी तो आकडा खडूने फळ्यावर लिहून पेटीशेजारी ठेवा.