नारू गेला तो कसा?

माझे आजोळ कोरडवाहू मुलखातले. गावाच्या वेशीबाहेर एक जुनी बारव आहे, तिला दगडी पायऱ्या आहेत. पूर्वी सारे गाव या पायऱ्या उतरून पाण्याशी जाई, घागर बुडवी आणि डोक्यावर घेऊन वर येई. आज त्या बारवेचे पाणी कुणी पीत नाही. श्रोतेहो, मी जी हकीकत सांगणार आहे ती या बारवेपाशी सुरू होते आणि दिल्लीच्या एका संस्थेपर्यंत जाऊन पुन्हा आपल्या दाराशी येते.

साल १९८८ असावे. मी आजोळी राहून तिसरीत शिकत होतो. मृगाचा पाऊस पडून गेला होता, रानात वाफसा आला होता आणि गावाची पेरणीची एकच धांदल उडाली होती. अशा वेळी माझे मामा मात्र ओसरीवर पाय लांब करून पडलेले. त्यांच्या घोट्याजवळ आधी एक फोड आला. आग अशी, की म्हणायचे, "पायात निखारा ठेवलाय रे कुणी." मग फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे काही बाहेर डोकावू लागले. तो नारू होता. आजी त्याला काडीवर गुंडाळी, रोज बोटभर. घाईने ओढून तो तुटला तर पाय सुजे, पिके आणि माणूस आणखी महिनाभर जागचे उठत नसे. मामांची पेरणी त्या वर्षी हुकली. पेरणी हुकली म्हणजे वर्ष हुकले, हे तुम्हांला मी काय सांगावे?

कुणी म्हणे रक्त नासले, कुणी म्हणे कुणाची तरी करणी. खरी गोष्ट अशी की, तो दोरा म्हणजे एक कृमी. मादी दोन ते तीन फूट लांब वाढते. पायाची आग शमावी म्हणून माणूस पाण्यात पाय सोडतो आणि नेमक्या त्याच क्षणी ती मादी आपली हजारो पिले पाण्यात सोडते. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक जीव असतो, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. तो ही पिले गिळतो. पुढे कुणी ते पाणी न गाळता प्याले, की पिले त्या माणसाच्या पोटात जातात आणि सुमारे वर्षभराने त्याच्या पायातून नवा नारू बाहेर येतो. म्हणजे यंदाच्या आगोटीला ज्याने पाण्यात पाय बुडवला, त्याने पुढच्या आगोटीचे रोगी आजच नेमून ठेवले! आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही. आमच्या बारवेच्या पायऱ्या याच कामाला उपयोगी पडत होत्या.

आता पाहा, या रोगावर लस नव्हती, आजही नाही. कृमी मारील असे औषधही नव्हते. तरीही आपल्या देशातून नारू गेला. मग तो घालवला कशाने?

आमच्या गुरुजींनी एके दिवशी वर्गात एक चित्र दाखवले. पायातून निघणाऱ्या दोऱ्याचे चित्र. म्हणाले, "पोरांनो, कुणाच्या घरी असं कुणाला झालंय का?" मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी आरोग्य कर्मचारी घरी आले. आजीने त्यांना पाहताच मामांच्या पायावर घोंगडी टाकली आणि ठणकावून सांगितले, "आमच्याकडं कुणी आजारी नाही." ते गेल्यावर तिने माझा कान धरला. तिची भीती साधी होती. नाव लिहून नेले तर सरकार बारव बुजवील, मग गावाने पाणी कुठले प्यायचे? गुरुजी संध्याकाळी स्वतः आले. उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "आजी, बारव कुणी बुजवत नाही. पण आज तुम्ही पाय झाकलात, तर पुढल्या वर्षी या नातवाचा पाय असा होईल." आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि तिने स्वतःच्या हाताने घोंगडी बाजूला केली.

ते एक नाव वहीत गेले. वहीतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, पुण्याला आणि शेवटी दिल्लीला, राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत. या संस्थेचा वंशवृक्ष जुना आहे. १९०९ साली कसौली येथे हिवतापाच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघाले. त्याचीच पुढे भारतीय मलेरिया संस्था झाली, आणि १९६३ साली तिचे क्षेत्र वाढवून सगळ्या संसर्गजन्य रोगांचे काम तिच्याकडे दिले गेले. २००९ पासून तिचे नाव राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र असे आहे. १९८३-८४ साली देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याची आखणी, मार्गदर्शन आणि तपासणी या संस्थेकडे होती.

संस्थेने काय केले? पहिले काम म्हणजे मोजले. १९८४ साली सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रोगी आढळले. त्या राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. ठरलेल्या वेळी गावोगाव शोध घ्यायचा आणि प्रत्येक रोग्याची नोंद करायची, हा नेम झाला. नोंद झाली की उपाय ठरलेले. रोग्याची जखम बांधायची आणि त्याला पाण्यात उतरू द्यायचे नाही. घागरीच्या तोंडाला दुहेरी, घट्ट विणीचे फडके बांधून पाणी गाळायचे. पाण्यात मोजके औषध टाकून सायक्लॉप्स मारायचे. आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडा घालून त्यांचे पाणी वरून शेंदता येईल असे करायचे, किंवा हातपंप द्यायचा. यातले एकही काम मोठ्या विद्येचे नाही. आमच्या आजीने पहिले फडके जुन्या लुगड्याचेच केले होते. पण हे सोपे काम नेमके कोणत्या गावात करायचे, हे ज्या नोंदीवरून कळते ती नोंद सोपी नव्हे. हजारो खेड्यांतून ती गोळा करायची, एकाच पद्धतीने तपासायची आणि ज्या गावात रोगी आहे तिथेच पैसा व माणसे पोहोचवायची, हे राष्ट्रीय संस्थेचे काम.

वर्षागणिक आकडा उतरत गेला. शेवटी शेवटी रोगी दुर्मिळ झाले तेव्हा खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवले गेले आणि प्रत्येक अफवेची शहानिशा होऊ लागली. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात आढळला. तरी शोध थांबला नाही. तीन वर्षे एकही नवा रोगी नाही, अशी खात्री झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

तुम्ही म्हणाल, रोगच उरला नाही तर आणखी तीन वर्षे शोधायचे कशाला? याचे उत्तर हिवतापाने दिले आहे. १९५३ साली देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज होता. मोठी मोहीम निघाली आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत हा आकडा लाखाच्या आसपास उतरला. लोकांना वाटले, संपला हिवताप! पण १९७६ साली पुन्हा ६४ लाख रोगी नोंदले गेले. डासांना डीडीटी बाधेनासे झाले, हे एक कारण. पण देखरेख सैल पडली, हेही तितकेच मोठे कारण. शेवटचे तण उपटायचे राहिले तर पुढच्या हंगामात सारे रान पुन्हा भरते. शेतकऱ्याला हे निराळे शिकवायला नको.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, माझे शेवटचे बोलणे तुमच्यासाठी आहे. रोगाचा सुगावा लवकर लागावा म्हणून २००४ पासून देशात साथरोगांच्या देखरेखीची एकत्रित योजना चालू झाली, आणि तिचीही मध्यवर्ती जबाबदारी याच संस्थेकडे आली. दिल्लीत प्रयोगशाळा आहेत, तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत. पण दिल्लीहून तुमच्या वर्गातले रिकामे बाक दिसत नाहीत. एका आळीतली चार मुले एकाच आठवड्यात तापाने किंवा जुलाबाने गैरहजर राहिली, तर ते पहिल्यांदा तुमच्या हजेरीपटावर उमटते. त्या दिवशीच उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना एक निरोप धाडा. निरोप फुकट गेला तर काही बिघडत नाही. न धाडलेला निरोप मात्र महाग पडतो.

आणि गावकरी मंडळी, तुमच्या दाराशी कुणी वही घेऊन आले, तर पाय झाकू नका. रोग लपवल्याने अब्रू राहत नाही, रोग तेवढा राहतो.

माझे मामा आज सत्तरीत आहेत. घोट्याजवळ तो जुना व्रण अजून दिसतो. परवा त्यांच्या नातीने विचारले, "आबा, हे काय झालंय?" मामा म्हणाले, "नारू." ती म्हणाली, "म्हणजे काय?"

मामांनी तिला समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. पोरीचा काही विश्वास बसेना.