धर्म आणि शेजारधर्म

‘सहिष्णुता’ हा शब्द आपण फार आदरानं उच्चारतो. पण त्याच्या पोटात ‘सहन करणं’ आहे, हे विसरून चालत नाही. आपण उन्हाळा सहन करतो, डोकेदुखी सहन करतो, गाडीतली गर्दी सहन करतो. माणसानं माणसाला तसंच सहन करावं, एवढीच अपेक्षा असेल तर ती फार तोकडी आहे. त्यापेक्षा आपल्या आज्या-पणज्या वापरत तो शब्द मला जवळचा वाटतो : शेजारधर्म. हा शब्द कुठल्या धर्मसभेत ठरला नाही. वाटीभर साखर, अडीअडचणीला दिलेला हात, बाळंतिणीच्या घरी पोचवलेला डबा यांतून तो घडला. या धर्मात प्रवेश करायला कुणाला कुठला विधी करावा लागत नाही आणि त्यातून कुणाला बाहेरही काढता येत नाही.

मी मराठी ख्रिस्ती आहे. शिक्षकाच्या नोकरीची माझी बरीच वर्षं शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. ओळख झाली की लोक विचारत, ‘गुरुजी, तुम्ही गोव्याचे की वसईचे?’ मी नगर जिल्ह्याचा म्हटलं की त्यांना नवल वाटे. ‘मग मराठी एवढं चांगलं कसं?’ असा पुढचा प्रश्न ठरलेला. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण पावणेअकरा लाख, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडे कमी. बहुतेकांच्या शेजारात आम्ही नसतोच. आणि जो शेजारी नसतो, त्याच्याविषयी ऐकीव गोष्टींवरच मत बनतं.

खरं तर मराठी भाषेच्या घरात आमचं बिऱ्हाड जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनं गोव्यात बसून मराठी ओवीत रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला निघालं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. विधवांच्या हालअपेष्टांची कहाणी सांगणारं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं. आणि अगदी अलीकडे, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आलं. त्या निवडीला काहींनी विरोध केला, पण संमेलन झालं आणि मराठी रसिकांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसं होती.

मुरबाडला नोकरी करत असताना मला एका गोष्टीचं विशेष अप्रूप वाटे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांचं बिऱ्हाड काही काळ मुरबाडला होतं. तेव्हा टिळक ख्रिस्ती झालेले नव्हते. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आकाश कोसळलं. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळात त्या रडल्या, भांडल्या, रुसल्या. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं. मग एके दिवशी, माणसामाणसांतली उच्चनीचता देवानं निर्माण केलेली नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी सोवळं सोडलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हा क्रम ठाऊक असतो. मला त्यातून एक गोष्ट कळली. एवढा मोठा कवी, एवढा वक्तृत्वाचा धनी, पण आपली श्रद्धा त्याला बायकोच्या मनात ओतता आली नाही. तिनं ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, स्वतःच्या वेळेला घेतली. जिथे नवऱ्याचं बायकोपुढे चालत नाही, तिथे परक्यानं परक्यापुढे किती जोर करावा?

आता थोडा नाजूक विषय. आपल्या या भागात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी असे आदिवासी समाज राहतात. कातकऱ्यांची पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा एखाद्या पाड्यावर दोन-चार घरं प्रार्थनेला जाऊ लागली की तालुक्याच्या गावात कुजबुज सुरू होते : ‘पैसे वाटतात, फसवतात.’ उलट बाजूचे म्हणतात, ‘आमच्या श्रद्धेवर घाला घातला जातोय.’

कायदा काय सांगतो? घटनेच्या पंचविसाव्या कलमानं प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे. आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ स्पष्ट केला : आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा नाही. काही ख्रिस्ती मंडळी या निकालावर नाराज असतात. मला मात्र तो लक्ष्मीबाईंच्या चरित्राशी जुळणारा वाटतो. धर्म बदलणं हे ज्याचं त्यानं करायचं काम आहे. ते दुसऱ्यानं करवून घेऊ नये आणि तिसऱ्यानं अडवूही नये. या वाक्याचा पहिला भाग आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी आहे, दुसरा आमच्याकडे संशयानं पाहणाऱ्यांसाठी.

पहिल्या भागाविषयी आधी बोलतो, कारण घर आधी आपलं झाडावं. आजारी माणसासाठी प्रार्थना करणं हे प्रेमाचं काम आहे. पण ‘गोळ्या बंद करा, प्रार्थनेनं बरं वाटेल’ असं सांगणं हे पाप आहे. क्षयाच्या रोग्याला सरकारी दवाखान्यात नेऊन त्याचा औषधाचा कोर्स पुरा होईपर्यंत पाठपुरावा करणं, हीसुद्धा प्रार्थनाच आहे. दुसरं, कुणाच्या वाघोबाला, कणसरीला नावं ठेवून आपला देव मोठा होत नाही. जंगलात गुरं चारणाऱ्या माणसाला वाघाचं भय होतं आणि त्या भयाशी त्यानं केलेला तह म्हणजे वाघोबा. धान्याच्या कणसात देवी पाहणारा माणूस अन्न टाकत नाही. हे समजून न घेता त्याला अंधारात चाचपडणारा म्हणणं हा अडाणीपणा आहे. आणि तिसरं, समतेचा संदेश सांगताना आमच्या मंडळ्यांत जात उरली आहे का, हे आम्ही लग्नाच्या याद्या करताना तपासून पाहावं. एका ताटात जेवणं झालं, पण सोयरीक जमवताना आडनाव विचारलं जातंच.

आता दुसरा भाग. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर पाच-सहा घरं प्रार्थनेला जाऊ लागली. गावदेवीच्या जत्रेची वर्गणी मागायला मंडळी आली, तेव्हा या घरांनी नाही म्हटलं. ‘आमचा आता संबंध नाही.’ गाव चिडलं. ‘संबंध नाही तर गावच्या वाटेनं चालायचं नाही,’ इथपर्यंत शब्द गेले. प्रकरण पोलिसांकडे न्यायची भाषा दोन्हीकडून सुरू झाली. दोन्ही बाजूंची मुलं शाळेत एका बाकावर बसत, म्हणून मलाही बैठकीला बोलावलं होतं. मी बरंच बोललो, घटना वगैरे सांगितली. त्याचा परिणाम बेताचाच झाला. मग एक म्हातारी उठली आणि त्या घरांना म्हणाली, ‘देवीला नका देऊ. पण जेवाला सारी पोरां येतील का नाय? मंग त्यांच्या जेवणाला द्या.’ आणि गावाकडे वळून म्हणाली, ‘आनी तुमी त्यांना नारळ फोडाला लावू नका.’

झालं. त्या घरांनी जेवणासाठी तांदूळ आणि सरपण दिलं, पूजेत भाग घेतला नाही. गावानं आग्रह केला नाही. त्या वर्षी नाताळला ती म्हातारी परसातला भोपळा घेऊन त्यांच्याकडे गेली. पंचविसाव्या कलमाचं याहून चांगलं भाष्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, जेवणाचा भाग सगळ्यांचा.

पण प्रत्येक गावाला अशी म्हातारी मिळतेच असं नाही. धर्म बदललेल्या आदिवासींना जमातीच्या यादीतून काढा, अशी मागणी अधूनमधून होते. घटनेनुसार जमात ही धर्मावर ठरलेली नाही; अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. तरीही अशी भाषा ऐकली की पाड्यावरचा माणूस धास्तावतो. त्याच्या हातात जातीचा दाखला आणि वनहक्काचा दावा, एवढीच काय ती पुंजी असते. धर्माच्या नावानं तीच हिरावली जाण्याची भीती त्याला दाखवणं, हे कुठल्याही देवाला आवडेल असं मला वाटत नाही.

बायबलमध्ये शोमरोनी लोकांच्या दोन गोष्टी आहेत. यहुदी आणि शोमरोनी यांचं त्या काळी पटत नसे, भांड्याला भांडं लावत नसत. पहिल्या गोष्टीत येशू भर दुपारी एका विहिरीपाशी थकून बसला आहे आणि पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. तिला आश्चर्य वाटतं. तुम्ही माझ्या हातचं पाणी कसं मागता? इथे मागणारा येशू आहे आणि देणारी ती आहे, याकडे मी नेहमी लक्ष वेधतो. आम्ही सेवा करणारे लोक देण्याच्या भूमिकेत इतके रमतो, की समोरच्याकडे काही मागायला आपण तयार असायला हवं, हेच विसरतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा प्रश्न तोच होता : पाणी कुणाचं? शहापूर तालुक्यात तो आजही वेगळ्या रूपात आहे. तानसा आणि भातसा या तालुक्यात, वैतरणेचं पाणीही इथूनच मुंबईकडे जातं. आणि कसाऱ्याकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण त्यांना समजावून सांगावी लागत नाही. टँकरच्या रांगेत प्रार्थनेला जाणारी आणि गावदेवीला जाणारी एकामागे एक उभी असतात. तहानेला धर्म नसतो.

दुसरी गोष्ट रस्त्यावरची. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या एका माणसाजवळून याजक निघून जातो, देवळातला सेवकही जातो. थांबतो तो परधर्मी शोमरोनी. तो जखमा बांधतो, माणसाला धर्मशाळेत पोचवतो, खर्चाचे पैसे देतो. येशू विचारतो, यातला शेजारी कोण? गोष्टीत त्या शोमरोन्याला कुणी धर्म बदलायला सांगत नाही. त्याच्यासारखं वाग, असं ऐकणाऱ्याला सांगितलं जातं.

मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक महामार्गावरून हजारो मजूर चालत निघाले होते. डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं, समोर कसारा घाट. टाळेबंदीमुळे देवळं, मशिदी, गुरुद्वारे, चर्च सगळ्यांची दारं बंद होती. त्या दिवसांत वाटेवरच्या गावांतल्या लोकांनी रस्त्याकडेला पाण्याचे माठ ठेवले, खिचडी केली, चपला दिल्या. देणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे होते, घेणाऱ्यांतही. कुणी कुणाला विचारलं नाही.

प्रार्थनास्थळं बंद असताना धर्म मात्र उघड्यावर, डांबरी रस्त्यावर चालू होता. ती दारं उघडून आता बरीच वर्षं झाली. आपण सगळे आपापल्या देवाकडे परत गेलो, ते योग्यच झालं. मात्र बाहेर पडताना प्रत्येकानं एवढं पाहावं, की आपल्या दारासमोरचा रस्ता अजून तोच आहे आणि त्यावरून कुणी ना कुणी तहानलेला चाललेला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)