वडिलांची रोजची गोळी

१९६० साली फिलाडेल्फिया येथे आढळलेल्या एका सदोष गुणसूत्रामुळे ज्यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तविकारावर २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि वृद्ध पित्याच्या शुश्रूषेचा मोठा भाग रुग्णालयातून घरातल्या जेवणाच्या पानापाशी आला.

गोळी जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, हे सोपे. जिकिरीचे काम पुढेच आहे. प्रकृती सुधारताच वडील म्हणतात, “आता मला काय झालंय? पुरे झाल्या गोळ्या.” अशा वेळी वाद न घालता, रक्ताचा अहवाल पुढे ठेवून, आकडे उतरले तरी सदोष पेशी दडून असतात आणि परस्पर औषध सोडल्यास रोग उलटू शकतो, हे शांतपणे उमजवावे.

पोटऱ्यांत येणारे गोळे, पापण्यांवरची सूज, मळमळ यांची कैफियत बाप माणूस सहसा मांडत नाही, म्हणून सकाळी त्यांचा चेहरा न्याहाळून तारखेनिशी वहीत टिपावे. तीच वही, घरातल्या काढ्या-चूर्णांच्या यादीसह, रक्तातील सदोष पेशींचा माग घेणाऱ्या पीसीआर तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी. काही वनौषधी या गोळीचा प्रभाव घटवतात.