डोळ्यांतील कुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला कुसळ ही फारच क्षुल्लक वस्तु वाटली असावी. भाताच्या खळ्यावर राबणाऱ्यास तसें वाटण्याचें कारण नाहीं.

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेकडे, डहाणू व तलासरी हे तालुके आहेत. मुंबईकरांस ते ठाऊक असतात चिकूच्या वाड्यांमुळें आणि वारली चित्रांमुळें. त्या चित्रांतील पांढरा रंग तांदुळाच्या पिठाचा; आणि तो तांदूळ पावसाळा सरल्यावर कापावा, झोडावा, उफणावा लागतो. झोडतांना तूस उडतें, पेंढ्याचें टोक डोळ्याला चाटून जातें. ओरखडा इतका बारीक कीं माणूस डोळा चोळून पुन्हां कामास लागतो. परंतु तुसावर बुरशीचे बीजाणू असतात, आणि त्यांना तेवढी वाट पुरते. ही गोष्ट नवी नव्हे. १८७९ सालीं जर्मनींत लेबर या नेत्रवैद्यानें ओट धान्याच्या मळणींत जखमी झालेल्या एका शेतकऱ्याच्या डोळ्यांत ॲस्परजिलस ही बुरशी ओळखली होती.

पुढें जें घडतें तें विलक्षण आहे. डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखें पारपटल असतें. जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत रक्तवाहिनी नाहीं, आणि कोलॅजनचे तंतु अगदीं शिस्तीनें मांडलेले असल्यामुळेंच तें पारदर्शक राहतें. बुरशीच्या भिंतींतील बीटा-ग्लुकन हें द्रव्य तेथील पहारेकरी पेशी ओळखतात आणि निरोप धाडतात. मग कडेच्या रक्तवाहिन्यांतून न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशींच्या झुंडी आंत शिरतात.

पांढऱ्या पेशी शत्रूला गिळतात, हें मेचनिकॉफनें १८८२ मध्यें मेसिना येथें ताडलें. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे कांटे खुपसून त्यानें पेशी धांवत आलेल्या पाहिल्या. बुरशीचा बीजाणू गिळतां येतो. पण तो रुजून लांब तंतु झाला, म्हणजे गिळणें अशक्य होतें. तेव्हां या पेशी आपली जहाल रसायनें बाहेरच ओततात. त्यांनीं बुरशी मरते, पण कोलॅजनहि विरघळतें. घरांत शिरलेल्या चोरासाठीं घरच पेटवावें, तसा हा प्रकार. आग विझल्यावर व्रण उरतो. आपण म्हणतों, डोळ्यांत फूल पडलें.

तर मग ही आगच विझवावी, असें कोणालाहि सुचेल. स्टेरॉइडचे थेंब तेंच करतात. लाली उतरते, ठणका थांबतो, रोग्याला बरें वाटतें. आणि पहारा उठल्यामुळें बुरशी निर्वेधपणें खोल जाते. कित्येकदां पारपटलाला भोंक पडेपर्यंत हा गोड भ्रम टिकतो. म्हणून आधीं बुरशी मारली पाहिजे. दक्षिण भारतांतील अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रोग्यांवर झालेल्या चांचणीचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत नॅटामायसिन हें जुनें औषध व्होरिकोनाझोल या नव्या औषधाहून सरस ठरलें, विशेषतः फ्युजेरियम बुरशीवर. मात्र तें आठवडेच्या आठवडे घालावें लागतें. मजुरी बुडवून दूरच्या दवाखान्याचे हेलपाटे घालणाऱ्यास हें किती जड जातें, हें निराळें सांगावयास नको.

निदान तसें अवघड नाहीं. व्रणाचा कण खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावांत ठेवला, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं बुरशीचे तंतु थोड्याच वेळांत दिसूं शकतात. डोळ्याला तूस, पान किंवा काडी लागल्यावर दोन-तीन दिवसांत दुखणें वाढलें, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर अशा तपासणीची सोय असलेल्या नेत्रवैद्याकडेच जावें. पाल्याचा रस किंवा तूप डोळ्यांत घालूं नये.

आतां शहरांतील घरांचा संबंध. घरच्या कपाटांत मागच्या दुखण्यांतील थेंबांची अर्धी बाटली पडलेली असते. वाडीवरच्या गड्याचा किंवा गांवाहून आलेल्या कामकऱ्याचा डोळा लाल दिसला, कीं ती दयाबुद्धीनें पुढें केली जाते. तिच्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हीं नांवें असतील, तर तीं स्टेरॉइडचीं आहेत. ती बाटली त्याच्या हातीं देऊं नये. द्यावयाचेंच, तर दवाखान्यापर्यंतचें भाडें आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी.