रस्त्याच्या कडेला सौदा नको



वेचणीच्या दिवसांत आपण अंधार पडता पडता शेतातून परततो. रस्ते रुंद झाले, पण पायी चालणाऱ्यासाठी कडेला वीतभर जागा राहिली नाही. मागून मोटार येते, धडक बसते, पाय मोडतो. गाडीवाला चार-पाच हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, "पोलिसात जाऊ नका." आपणही म्हणतो, जाऊ द्या, कोर्टकचेरी कोणाला परवडते? अडचणीत सापडून खेडा-खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात कापूस घालावा, तसाच हा सौदा.

नुकसानभरपाई ही कोणाची मेहरबानी नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा केला आहे. तो तिसरा पक्ष म्हणजे रस्त्याने चालणारे आपण. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. गाडीवाला मुंबईचा असला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. पीक निघाल्यावर बघू म्हणाल तर हंगामाबरोबर हक्कही जाऊ शकतो.

चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पूर्ण नुकसान मागायचे तर कलम १६६. तिथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कंपनीने देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. म्हणून विचारल्याशिवाय अंगठा उठवू नका. गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला पन्नास हजार, मृत्यूला दोन लाख. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा.

आता खरा प्रश्न मोलाचा. डॉक्टर लिहितात, पाय तीस टक्के अधू. कंपनीचा वकील म्हणतो, नुकसानही तीसच टक्के, जमीन तर जागेवरच आहे! अहो, जमीन जागेवर आहे, पण वखरामागे चालणार कोण? ज्वारी सोंगायला वाकणार कोण? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शरीराची टक्केवारी म्हणजे कमाईची टक्केवारी नव्हे. माणूस काय काम करीत होता आणि आता काय करू शकतो, हे पाहिले पाहिजे. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टालाही दाम आहे, हे त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात मानले.

पण न्यायाधीशाला आपले शेत दिसत नाही, कागद दिसतो. गाडीचा नंबर, फिर्यादीची प्रत, पंचनामा, दवाखान्याची बिले, अपंगत्वाचा दाखला, सातबारा, मालविक्रीच्या पावत्या आणि आपल्या जागी लावलेल्या मजुराचा रोजचा हिशेब, हे सारे एका पिशवीत ठेवा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

जखमी माणूस खाटेवर पडलेला असतो. तो एकटा काही करू शकत नाही. म्हणून आजच्या बैठकीत एवढेच ठरवू या. गावात कोणाला गाडीने उडवले, तर दोघांनी त्याला दवाखान्यात न्यायचे आणि दोघांनी पोलीस ठाणे गाठायचे. आणि रस्त्याच्या कडेला सौदा होऊ द्यायचा नाही.